वाणात आलेला बेडूक

आमच्या इमारतीत बायकांची पत संक्रांतीला ठरते. हळदीकुंकवाला कोणी काय लुटलं ते पुढची अनेक वर्षं लक्षात ठेवलं जातं. दुसऱ्या मजल्यावरच्या माणिकने एकदा प्लास्टिकच्या साबणदाण्या लुटल्या होत्या, तिला अजून सगळ्या ‘साबणदाणी’ म्हणतात, अर्थात पाठीमागे. सातव्या मजल्यावरच्या नलिनीताई महिला मंडळाच्या अध्यक्ष आहेत आणि तहहयात राहणार आहेत. त्यांनी गेल्या वर्षी तुळशीची रोपं दिली, त्याआधी कापडी पिशव्या. यंदा त्यांनी बेडूक लुटले.

थट्टा करत नाही. ओंजळीत मावेल एवढा काचेचा चौकोनी डबा, त्यात चिमूटभर रंगीत खडे, एक गप्पी मासा आणि अंगठ्याच्या पेराएवढा एक बुटका बेडूक. झाकणाला लाल रिबन, रिबनला कार्ड आणि कार्डावर छापलेलं, ‘जिवंत वाण. आवाज नाही, वास नाही, देखभाल नाही.’ नलिनीताईंच्या भाच्याचं, हर्षदचं, स्टेशन रोडला रंगीत माशांचं दुकान आहे. त्याने हौसेने हे बेडूक मागवले होते आणि मुलुंडमध्ये ते एकानेही विकत घेतले नव्हते. मावशीने ते सौभाग्याच्या नावाने खपवले. वाणाला नको म्हणता येत नाही आणि ते परतही करता येत नाही. बारावा डबा नलिनीताईंनी स्वतःकडे ठेवला, बाकीच्या अकरा सवाष्णींनी हळदकुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला आणि बेडूक घेऊन मुकाट घरी गेल्या.

त्या अकरांत मी अकरावी. मी उत्तरा, पहिला मजला. आम्ही चार वर्षांपूर्वी भांडुपहून इथे आलो. भांडुप आणि मुलुंडमध्ये मोजून एक नाहूर स्टेशन आहे, पण नलिनीताईंच्या तोंडून ‘भांडुपकडचे आहेत ते’ ऐकलं की वाटावं आम्ही होडीतून आलो. आमच्याकडे बांगडे तळले की लिफ्टमध्ये उदबत्ती लागते. चार वर्षांत या इमारतीतल्या एकाही बाईने माझ्या घराची बेल वाजवली नव्हती. हळदीकुंकवाला मला बोलवतात, कारण एका इमारतीतल्या सवाष्णीला वगळलं तर वगळणारीलाच दोष लागतो म्हणे.

मी तो डबा टीव्हीशेजारी ठेवला आणि विसरले. विसरले नाहीत ते आमचे आबा, म्हणजे माझे सासरे लवू. जन्म मालवणातला, तारुण्य गिरणीतल्या मागावर आणि म्हातारपण आमच्या सोफ्यावर. सासूबाई गेल्यापासून ते दिवसाला चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन बातम्यांना उद्देशून. डोळ्यांत काचबिंदू. समोरचं जेमतेम दिसतं, बाजूचं नाहीच. तिसऱ्या दिवशी बघते तर आबा डब्याच्या काचेला नाक लावून बसलेले. मला म्हणाले, “ह्यो उपाशी आसा गो.”

मी म्हटलं, रोज दाणे टाकते की. आबा म्हणाले, ते सगळे मासा खातो. बेडकाला धड दिसत नाही, तो वासावर हळूहळू येतो आणि तोपर्यंत ताट साफ झालेलं असतं. हे त्यांनी दोन दिवस बसून पाहिलं होतं. ज्या माणसाला मी समोर ठेवलेला चष्मा सापडत नाही त्याला हे दिसलं होतं.

मग आमच्या घरात उलाढाल सुरू झाली. माझ्या नवऱ्याने, राजेशने, कॉलेजात असताना घेतलेली दोन फुटी काचपेटी माळ्यावरून खाली आली. पाणी नळाचं थेट चालणार नाही, एक दिवस बादलीत ठेवून मग घालायचं. वर जाळी हवी, कारण हा बेडूक पाण्याबाहेर पडला तर सुकून मरतो. पाणी फार खोलही नको, कारण त्याला दम घ्यायला सारखं वर यावं लागतं. राजेश मोबाइलवर वाचून सांगायचा आणि आबा मान डोलवायचे, त्यांना ते आधीच कळलेलं असायचं. एकटी आलेली गप्पी पोटुशी निघाली आणि पेटीत पंधरा पिल्लं झाली. त्या पंधरांच्या गर्दीत बेडकाला घास मिळणं अशक्य, म्हणून आबांनी युक्ती काढली. एका कोपऱ्यात कोरडे दाणे टाकून माशांना तिकडे गुंतवायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात माझ्या भुवयांच्या चिमट्यात लाल अळी धरून बेडकाच्या नाकासमोर हलवायची. गोठवलेल्या अळ्या फ्रीजरमध्ये, बांगड्यांच्या बाजूला. रोज सकाळी अकरा वाजता. बेडूक आधी चिमट्यालाच चावायचा, मग अळीला, आणि आबा हसायचे. आबांना हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. त्याला ते ‘गाववालो’ म्हणायचे. दिवसाची चार वाक्यं चाळीसवर गेली, त्यातली तीस गाववाल्याशी.

बाकीच्या अकरा घरांत काय झालं ते मला नंतर समजलं. माणिकचा बेडूक दुसऱ्याच दिवशी हातपाय पसरून पाण्यावर तरंगत होता. हे बेडूक अधूनमधून तसे तरंगतातच, निवांतपणे. माणिकने मेला समजून त्याला संडासात टाकून पाणी सोडलं आणि मग तो पोहायला लागला, पण तोवर उशीर झाला होता. पाचव्या मजल्यावरच्या अक्षताने घरात मांसाहार नको म्हणून त्याला साबुदाणा घातला, गुरुवारी भिजवून. चौथ्या मजल्यावरच्या सईने तिळगूळ कुस्करून घातला, संक्रांतीचं वाण आहे म्हणून. तिसऱ्यावरच्या अपूर्वाने कार्डावरचं ‘देखभाल नाही’ शब्दशः घेतलं. फेब्रुवारी उजाडेपर्यंत इमारतीतले सगळे गाववाले आटोपले होते, आमचा सोडून.

पण बोलायचं कोणी? सवाष्णीने दिलेलं वाण आपल्या घरात मेलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार? त्यात भर म्हणजे मंडळाचा ‘जिवंत वाण’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यावर नलिनीताई रोज सकाळी विचारायच्या, सगळ्यांचे बाळराजे कसे आहेत, आणि अकरा जणी बदाम पाठवायच्या. त्यांना खरंच कोणाच्या बेडकाची काळजी होती असं मला कधी वाटलं नाही, पण हजेरी मात्र त्या रोज घ्यायच्या.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी ग्रुपवर जाहीर केलं, की महिला दिनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्या हर्षदला घेऊन घरोघरी येतील. प्रत्येकीच्या बेडकाचं चित्रीकरण होईल. ‘बारा घरं, बारा जीव’ असा व्हिडिओ महिला दिनाच्या कार्यक्रमात दाखवतील आणि एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत फोटो येईल. त्या दिवशी दुपारी हर्षदच्या दुकानात पाच जणी एकमेकींना भेटल्या. पाचही जणी माशांचं खाणं घ्यायला आल्या होत्या म्हणे. बेडूक संपले होते आणि पुन्हा मागवायची हर्षदची छाती नव्हती.

दोन दिवसांनी आमच्या घराची बेल वाजली. दारात माणिक. तिच्या मागे अक्षता, तिच्या मागे सई, आणि जिन्यावर आणखी. आमचा सोफा पहिल्यांदाच अपुरा पडला. आबा तेव्हा खाली कट्ट्यावर बसले होते; तिथे ते येणाऱ्याजाणाऱ्याला गाववाल्याच्या गोष्टी सांगायचे, त्यातूनच आमचा बेडूक जिवंत असल्याचं या बायकांना कळलं होतं. माणिक काचपेटीकडे बघून हळूच म्हणाली, “उत्तरा, फक्त अर्धा अर्धा तास गं. यार, आमची लाज तुझ्या हातात आहे.”

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? चार वर्षं ज्यांनी लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ केली त्या दहा जणी माझ्या हॉलमध्ये माझं तोंड बघत बसल्या होत्या. मी कागद घेतला आणि बेत आखला. नलिनीताई सहाव्या मजल्यापासून खाली येणार, प्रत्येक मजल्यावर दोन घरं, दुसऱ्या मजल्यापर्यंत दहा. प्रत्येकीने आपला काचेचा डबा पाणी भरून तयार ठेवायचा. त्या लिफ्टने येतील, बेडूक स्टीलच्या डब्यात जिन्याने येईल. चित्रीकरण झालं की त्यांना हॉलमध्ये फराळाला बसवायचं आणि आत बेडूक वाटीने उचलून स्टीलच्या डब्यात टाकायचा. मग मी बेल वाजवून म्हणणार, माझा डबा राहिलाय तुमच्याकडे. तो घेऊन पुढच्या दारात. अक्षता म्हणाली, तू झकास डोकं चालवतेस. मी त्यावर दोन दिवस हवेत होते.

आबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. नशिबाने त्याच शनिवारी त्यांची डोळ्यांच्या हॉस्पिटलची तारीख होती. राजेश त्यांना सकाळी नऊला घेऊन गेला. चपला घालता घालता आबा म्हणाले, “अकरा वाजता गाववाल्याक खावक घाल. विसरशीत.”

मी म्हटलं, नाही विसरणार.

सहाव्या मजल्यावर गाववाला ताजा होता. काचेवर पाय टेकून उभा राहिला, हर्षद खूश झाला. मी बेल वाजवली, “माझा डबा,” म्हटलं, डबा बाहेर आला. शेजारच्या दारात पोचवला, पुन्हा जिन्यात उभी राहिले, पुन्हा बेल. पाचव्या मजल्यावर अक्षताने पाणी थेट नळाचं भरलं होतं, त्याला दवाखान्यासारखा वास येत होता. चौथ्यावर सईने शुद्ध म्हणून फिल्टरचं घातलं होतं. तिथे अकरा वाजले. लाल अळ्या खाली फ्रीजरमध्ये होत्या आणि मी चौथ्या मजल्यावर डब्याची वाट बघत होते. तिसऱ्या मजल्यावर अपूर्वाने डब्याभोवती निरांजन, उदबत्ती आणि रांगोळी मांडली होती. सगळ्या घरांत दाराच्या फटीतून मला नलिनीताईंचं तेच वाक्य ऐकू येत होतं, “प्रत्येकाचा स्वभाव किती वेगळा असतो नाही?” दहा घरांत एकच बेडूक बघून त्यांनी हे दहा वेळा म्हटलं. आणि दहा वेळा मी घामाघूम होऊन दारात उभी राहून डबा मागत होते, तर एकदाही त्यांना प्रश्न पडला नाही की या बाईचे एवढे डबे इमारतीत फिरतात कसे.

माणिककडे तो तळाशी बसला आणि हलेना. चित्रीकरणात हलायला हवा म्हणून माणिकने त्याला चमच्याने ढोसलं. डबा माझ्या हातात आला तेव्हा मी झाकण उघडून पाहिलं. पाय आखडलेले, अंगावर पांढुरकी साय धरल्यासारखी. तो दम घ्यायला वर येत नव्हता. मला हे सगळं दिसत होतं. दिसलं नाही असं म्हणायची मला सोय नाही, माझे डोळे धड आहेत.

मी जिना उतरणार तेवढ्यात नलिनीताई एकट्या बाहेर आल्या. दार ओढून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “डबा वर माझ्याकडे आण,” त्या म्हणाल्या. “माझा पहिल्याच आठवड्यात गेला गं. शेवटचा शॉट माझ्या घरातला आहे.”

म्हणजे बाईंना सगळं माहीत होतं. पहिल्या घरापासून. मला राग यायला हवा होता. डबा घेऊन सरळ खाली घरी जायला हवं होतं. पण त्या पुढे म्हणाल्या, “आपली उत्तरा आहे म्हणून सांगतेय.” चार वर्षांत मी पहिल्यांदा कोणाची तरी ‘आपली’ झाले होते. मी म्हटलं, हो ताई, आणि पाच मजले चढले.

सातव्या मजल्यावर त्यांनी डबा दारातच घेतला. पाच मिनिटं हं, म्हणाल्या आणि आवाज नको म्हणून दार लावून घेतलं. मी चपलांच्या कपाटाशेजारी वीस मिनिटं उभी होते. दार पुन्हा उघडलं तेव्हा आत काचेचं मोठं भांडं दिसलं, त्यात गुलाबाच्या पाकळ्या आणि फ्रीजमधलं गार पाणी, काचेवर बाहेरून दव आलेलं. नलिनीताईंनी डबा माझ्या हातात दिला. “झोपलाय वाटतं,” म्हणाल्या. “आणि तुझ्याकडचं राहू दे, उशीर झालाय. तू काय, घरचीच आहेस.”

म्हणजे बेडूक ज्या एका घरात खरंच राहत होता तेवढंच घर त्या व्हिडिओत नव्हतं.

घरी येऊन मी त्याला त्याच्या पेटीत सोडलं. तो आडवा होत तळाशी गेला आणि पडला तो पुन्हा हललाच नाही. एक गप्पी येऊन त्याच्या पायाला तोंड लावून गेली, मग दुसरी आली. मी त्याला बाहेर काढलं आणि खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. हात धुतले, मग पुन्हा धुतले. मला रडू आलं. एवढ्याशा बेडकासाठी काय रडायचं असं स्वतःला सांगून पाहिलं, पण रडू बेडकासाठी नव्हतंच.

आबा आणि राजेश तीन वाजता आले. डोळ्यांत थेंब घातलेले असले की आबांना संध्याकाळपर्यंत काहीच दिसत नाही. राजेशने त्यांना हात धरून आणलं. त्यांनी बसायच्या आधी विचारलं, खाल्लं का त्याने? मी स्वयंपाकघरातून काहीतरी पुटपुटले. ते त्यांना पुरलं नसावं. चाचपडत पेटीपाशी गेले, खुर्ची ओढली, राजेशकडून अळी मागून घेतली आणि चिमटा पाण्यात धरला. आधी चिमट्याला चावेल, म्हणजे हाताला कळेल, असं म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. माशांनी अळी कधीच पळवली होती. आबांना ते दिसत नव्हतं. ते रिकामा चिमटा धरून चाव्याची वाट बघत होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ग्रुपवर व्हिडिओ आला होता, त्यावर नाव तेच, ‘बारा घरं, बारा जीव’, मागे सनई. एकाच बेडकाला अकरा घरांत अकरा नावं दिली होती. बाराव्या जीवाच्या जागी मंडळाच्या फलकाचा फोटो होता. तीन ठिकाणी कडेला एक हात आणि स्टीलचा डबा दिसत होता, तो माझा. खाली अभिनंदनांचा पाऊस. माणिकने नलिनीताईंना ‘तुमच्यामुळे घराला घरपण आलं’ असं लिहिलं होतं. माझं नाव कुठेच नव्हतं, अगदी आभारांतही.

आबा अजून चिमटा धरून होते. मला ते बघवेना. मी त्यांच्यापुढे जाऊन जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. कोणी मागितला, मी का दिला, कुठल्या मजल्यावर कसलं पाणी होतं, चमचा, पाकळ्या, कुंडी. काही वगळलं नाही. मला या बायकांत बसायचं होतं आबा, म्हटलं, म्हणून दिला. राजेश भडकला. म्हणाला, तुला कळत नाही का, त्यांना दुसरं काय होतं इथे? आबांनी हात वर करून त्याला थांबवलं. चिमटा पाण्यातून काढला आणि मांडीवर ठेवला.

“कितक्या घरांनी फिरवलंस त्येका?” त्यांनी विचारलं.

“अकरा.”

आबांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता, पण त्यांना मी दिसत नव्हते. मग त्यांनी विचारलं, “अकरा घरा. त्यातल्या एका तरी बायलेन तुका भितर बोलवन बस म्हटल्यान? घोटभर च्या दिल्यान?”

मी सहाव्या मजल्यापासून सुरुवात केली. एकेक दार आठवलं. अक्षताचं, सईचं, अपूर्वाचं, माणिकचं. आतून फराळाचा वास येत होता, दाराच्या फटीतून डबा बाहेर यायचा आणि दार लागायचं. सातव्या मजल्यापर्यंत जाऊन मी परत आले.

“नाही,” मी म्हटलं.

आबांनी मान हलवली. “मगे गाववालो फुकट गेलो गो,” ते म्हणाले.